एकचाकी घ्यायची तर कोणती? वजन, बॅटरी, वेग आणि आमची पांदण

वावरवाला

नमस्कार मंडळी. आधी परिस्थिती सांगतो, म्हणजे पुण्या-मुंबईच्या डांबरावरचे सल्ले जरा कमी येतील.

धामणगाव रेल्वेपासून आत आमचं गाव. मी घरूनच लॅपटॉपवर नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात वावर पाहतो. वावर घरापासून साडेतीन किलोमीटर. पहिला अर्धा किलोमीटर गावातला सिमेंट रस्ता, पुढे सगळी पांदण, म्हणजे वावरांत जाणारी कच्ची वाट. पांदणीवर कधीकाळी मुरूम पडला होता, तो आता चाकोऱ्यांच्या मधोमध तेवढा उरलाय. बाकी काळी जमीन. मध्ये नाला आहे, त्यावरचा रपटा (बुटका पूल) एका बाजूने खचलाय. पावसाळ्यात तिथे वीसेक मीटर दगडांवरून पायी जावं लागतं, जे काही सोबत असेल ते हातात घेऊन.

पुण्यात होतो तेव्हा, २०२१ मध्ये, एक जुनं इलेक्ट्रिक युनिसायकल घेतलं होतं, इनमोशन व्ही८एफ. (विजेवरचं एकच चाक, दोन्ही बाजूंच्या पॅडलवर उभं राहायचं, पुढे झुकलं की पळतं.) साडेचौदा किलो वजन, ५१८ वॅट-तास बॅटरी (म्हणजे तिच्यात वीज किती मावते त्याचं माप), कमाल वेग ताशी ३५ किमी. गावात आणलं तर पोरांनी आठवडाभर मागे पळून त्याचं नाव 'चाक' ठेवलं, तेच आता घरातही चालतं. घरी मोटरसायकल एकच, ती बाबांची. रात्रीची लाइन असली की पंप चालू करायला मी चाकावर जातो.

बॅटरी आता दमली आहे. दिवसाच्या दोन फेऱ्या धरल्या तर १४ किमी होतात, आणि दुसऱ्या फेरीत परत येताना नाल्याच्या चढावर चाक टिटि करत पॅडल मागे कलवतं, म्हणजे 'उतर आता' म्हणतं. नवीन घ्यायचा विचार आहे. नजरेत आहेत ती अशी: जुनं किंगसाँग १६एक्स (बंगळुरूत एक जण विकतोय), जुनं इनमोशन व्ही११ (नागपुरात), आणि मन फारच मोठं केलं तर किंगसाँग एस२२ किंवा व्हेटरन शर्मन. कागदावरचे आकडे सगळे पाठ झालेत. पण हे आकडे आमच्या पांदणीवर आले की त्यांचा अर्थ काय होतो, हे जाणकारांनी सांगावं.

पेठेतला

एवढ्या पैशात चांगली सेकंडहँड बुलेट येते. आणि ती उभी करायला कसरत शिकावी लागत नाही.

वावरवाला

बुलेट रपट्यावरून हातात घेऊन जाता येत असेल तर कळवा.

आगाऊ कार्टं

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्या मातोश्रींचा प्रश्न: यावर युरियाचं पोतं नेता येतं का?

तुटका स्पोक

नागपुरात माझं ई-बाइक आणि ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांचं काम आहे. एकचाकी महिन्याला एखादी येते, पण आली की मी ती उघडल्याशिवाय राहत नाही, म्हणून थोडं लिहितो.

लोक सगळ्यात आधी कमाल वेग विचारतात. दुकानदारही तोच मोठ्या अक्षरात छापतो. पण या वाहनात वेगाचा आकडा म्हणजे नुसता वेग नव्हे, तो राखीव ताकदीचा आकडा आहे. जायरो आणि अ‍ॅक्सलरोमीटर हे आतले सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा मोजतात की तुम्ही किती पुढे झुकलात, आणि मोटर तेवढं चाक तुमच्या पायाखाली पुढे ढकलते. तुमचा तोल म्हणजे मोटरची ताकद. स्कूटरमध्ये ताकद संपली तर गाडी पळत नाही, एवढंच. इथे ताकद संपली तर तुम्हाला उभं धरणारं कोणी उरत नाही, तोंडावर पडता.

आता ही ताकद संपते कशी? मोटर फिरते तेव्हा ती स्वतः उलटं व्होल्टेज तयार करते. जितका वेग जास्त तितकं ते जास्त. बॅटरीच्या व्होल्टेजमधून ते वजा होतं, आणि उरेल तेवढ्यावर तुमचा तोल. व्ही११, १६एक्स आणि तुमचं व्ही८एफ, तिन्ही ८४ व्होल्टची, म्हणजे २० सेल एकापाठी एक, प्रत्येकी ४.२ व्होल्ट. तेच सेल उतरून ३.२ वर आले की २० गुणिले ३.२, ६४ व्होल्ट. वीस व्होल्ट गेले. त्यात चढ आला, खड्डा आला, तुम्ही जोरात झुकलात, की व्होल्टेज आणखी खाली बसतं. म्हणून तुमचं ३५ चं चाक दुसऱ्या फेरीत ३५ चं नसतं. ते पॅडल मागे कलवतं ते तुमच्या भल्यासाठीच. त्याच्याशी भांडून पुढे झुकू नका.

शर्मनमध्ये २४ सेल, १००.८ व्होल्ट. एस२२ मध्ये ३०, म्हणजे १२६. व्हेटरन लिंक्समध्ये तर ३६, १५१ च्या वर. व्होल्टेज वाढवण्याचं खरं कारण ताशी सत्तर-ऐंशी पळणं हे नाही (पळणारे पळतात, त्यांचे व्हिडिओ बघून आपण कपाळाला हात लावायचा). ताशी २५ ने खड्ड्यात आपटलात तरी हाताशी भरपूर शिल्लक राहावी, हा त्याचा उपयोग.

वावरवाला

म्हणजे मला वेग नको असला तरी वेगवान चाक घ्यावं, असं म्हणता?

तुटका स्पोक

अर्धं तसंच. पण शिल्लक वाढवायची तर सेल वाढतात, आणि सेल वाढले की वजन. फुकट काही येत नाही.

गणिताच्या बाई

आर्णी तालुक्यात शिक्षिका आहे. एकचाकीवर बसलेले (की उभे राहिलेले?) नाही, पण गणित करून देते.

डांबरावर सावकाश चालवलं तर किलोमीटरला १५ ते २० वॅट-तास जातात असं वाचनात आहे. खडबडीत रस्ता, चढ-उतार आणि मऊ माती असेल तर २५ ते ३०. वावरवाला यांच्यासाठी २८ धरू. १४ किमी गुणिले २८ म्हणजे ३९२ वॅट-तास रोजचे. व्ही८एफ नवी असती तर ५१८ मधून भागलं असतं. तिची बॅटरी आता पाऊणच उरली असेल तर ५१८ ची ३८८ झाली. ३९२ पाहिजेत, आहेत ३८८. तुमचा नाल्याचा चढ बरोबर त्या चार वॅट-तासांवर येतो, मग टिटि करेल नाहीतर काय! (गंमत सोडा, शेवटचा दहा-पंधरा टक्के भाग वापरायचाच नसतो, तेव्हा प्रत्यक्षात तो आधीच कमी पडत असणार.)

१६एक्स: १५५४ भागिले ३९२, जवळजवळ चार दिवस. राखीव सोडलं तर तीन. व्ही११: १४२० ते १५०० च्या दरम्यान, तेही तीन दिवस. एस२२: २२२०, पाच दिवस. शर्मन: ३२००, आठवडा. प्रश्न असा की तुम्हाला एका चार्जवर आठवडा काढायचा आहे का? तुमच्याकडे लाइन किती तास असते?

वावरवाला

बाई, प्रणाम. गावात सिंगल फेज बहुतेक वेळ असते, पण पावसाळ्यात तार तुटली की दोन दिवस अंधार. तीन दिवसांचा साठा म्हणजे तोच हिशेब जमतो. घरच्या इन्व्हर्टरवर (बॅटरी १५० अँपिअर-अवरची) चार्ज होईल का हाही प्रश्न होता.

तुटका स्पोक

होईल, पण घरच्यांच्या शिव्या खाल. तुमच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी १२ व्होल्टची, कागदावर १८०० वॅट-तास. १६एक्स रिकामं असेल तर तिला जवळपास पूर्ण पिऊन टाकेल, आणि मग रात्री पंखा बंद. गंमत बघा, ती ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते. त्याच्या आसपासची वीज चाकात मोटर, टायर, पॅडल सगळ्यासकट चोवीस-पंचवीस किलोत बसली आहे. लिथियमची किंमत त्यासाठीच असते.

चार्जरचंही बघा. ८४ व्होल्ट गुणिले अडीच अँपिअर, २१० वॅट. म्हणजे १५५४ भरायला साडेसात तास, शेवटी धार कमी होते म्हणून आठ धरा. रात्री लावलं की सकाळी तयार.

कास्तकार नं. १

राजेहो, हे सारं वाचून डोकं गरगरून रायलं. मले येकच सांगा. हे चाक मधातच बंद पडलं तं ढकलत न्या लागते का उचलून न्या लागते? माहं वावर बी तेवढंच दूर हाये. मोटरसायकल बंद पडली तं मानूस ढकलते, कोनी टोचन करून देते. याले टोचन कुठं बांधाचं?

वावरवाला

काका, लाखमोलाचा प्रश्न. दांडी असते ओढून काढायची, स्टेशनवर सुटकेसला असते तशी. सपाट रस्त्यावर चालू ठेवून हाताने नेता येतं, पोरगं बोट धरून चालावं तसं चालतं. बंद पडलं तरी सपाटीवर घरंगळतं. गाऱ्यात, म्हणजे चिखलात, मात्र उचलूनच. आणि गाऱ्यात ते किती वजनाचं होतं हे मी जुलैत पाहिलं.

पाऊस येऊन दोन तास झाले होते, मला वाटलं मुरमाच्या पट्ट्यावरून जाऊ. पट्टा चारशे मीटरवर संपला. काळी माती टायरला लागली, टायरवरून आत गेली, कवच आणि टायर यांच्यात बोटभर जागा असते तिथे ठासून बसली. एक फेरा, दोन फेरे, तिसऱ्याला चाक फिरेना. मोटर बिचारी ओरडायला लागली, मी उडी मारून बाजूला. मग धुऱ्यावर (बांधावर) बसून काडीने माती काढली. निघेना. शेजारच्या वावरात निंदण चालू होतं, तिथल्या मावशीकडून विळा मागितला, त्याने खरवडून खरवडून काढली. लाडवाएवढे गोळे निघाले, वर्तुळाकार, टायरच्या नक्षीसकट. मावशी म्हणाली, "हे कायची मशीन हाये बाबू, माती खाते?" घरापर्यंत दोन किलोमीटर उचलून आणलं, दर शंभर पावलांना हात बदलत. साडेचौदा किलो होतं म्हणून आलं. बाबा ओट्यावर होते, काही बोलले नाहीत, फक्त बैलाकडे पाहिलं.

संत्रानगरी

वरूडहून. हा हा, बैलाकडे पाहिलं! तेवढं पुरे होतं.

माझा अनुभव काट्यांचा. बागेच्या कुंपणाला बाभूळ-बोरी, वाटेवर काटे पडलेले. मोटरसायकल पंक्चर झाली की कोपऱ्यावर दुकान आहे. चाक घेऊन त्याच दुकानात गेलो तर त्याने गोल फिरून बघितलं आणि विचारलं, "एक्सल कुठं हाये?" मोटर चाकाच्या पोटातच असते, कवच उघडून, मोटरची वायर सोडवून, पॅडलचे खांब काढून मगच टायर हाती येतो. पहिल्यांदा मला चार तास लागले आणि तीन स्क्रू उरले. तेव्हापासून ट्यूबमध्ये पंक्चर-रोधक द्रव भरून ठेवतो. त्यानंतर काटे रुतले, निघाले, हवा टिकली. वावरवाला, मॉडेल कोणतंही घ्या, पहिल्या दिवशी हे करा.

टायरच्या रुंदीकडेही बघा. व्ही८एफचा टायर दोन इंचांच्या जरा वर. १६एक्सचा तीन इंची. व्ही११ चाही तीन इंची, आणि चाक १८ इंची, म्हणजे खड्डा ओलांडायला बरं. बारीक टायर बंडीच्या चाकोरीत अडकतो आणि मग चाकोरी नेईल तिकडे तुम्ही.

परतवाडा एक्सप्रेस

चिखलदऱ्याच्या घाटात मी दोनदा चालवलंय (पहाटे, रस्ता मोकळा असताना, पूर्ण हेल्मेट आणि मनगटपट्टे घालून, तेव्हा कृपया शिव्या नकोत). एक गोष्ट सांगतो जी मैदानी लोकांना सुचत नाही. वर पूर्ण चार्ज करून खाली निघू नका. ब्रेक लावला की मोटर वीज तयार करून बॅटरीत परत ढकलते, आणि बॅटरी भरलेली असेल तर तिला घ्यायला जागाच नसते. मग चाक ओरडतं, पॅडल कलवतं, आणि उतारावर ते नको असतं.

गणिताच्या बाई

कुतूहल म्हणून: माणूस ७५ आणि चाक २५, शंभर किलो. सातशे मीटर उतरलं तर १०० × ९.८ × ७०० = ६,८६,००० ज्यूल. भागिले ३६००, साधारण १९० वॅट-तास. यातले घर्षणात आणि हवेत जाणारे वजा केले तरी बरेच परत येतात. छोट्या बॅटरीला एवढे पचणार नाहीत, मोठीला पचतील. आठवीच्या वर्गाला हे उदाहरण देणार आहे, परवानगी आहे ना?

परतवाडा एक्सप्रेस

बाई, द्या. फक्त हेल्मेटचं वाक्य गाळू नका.

पेठेतला

आणि हे सगळं कायदेशीर आहे का?

तुटका स्पोक

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे विजेचं दुचाकी वाहन नोंदणी आणि लायसन्सशिवाय चालवायची सवलत आहे ती मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तर. या धाग्यातलं एकही चाक त्यात बसत नाही. व्ही८एफची मोटरच १००० वॅटची, १६एक्स आणि व्ही११ ची २२०० ची. नंबर प्लेट मिळायची सोय नाही, म्हणून विमा नाही. स्वतःच्या वावरात, खाजगी जागेत चालवा. राज्यमार्गावर काढलंत आणि कोणाला लागलं तर निस्तरणं तुमच्या गळ्यात.

आगाऊ कार्टं

गावाच्या बाजूनेच समृद्धी जाते ना तुमच्या? एस२२ घ्या, सरळ मुंबई.

वावरवाला

समृद्धीवर मोटरसायकललाच बंदी आहे रे बाबा. कुंपणापलीकडून बघतो, तेवढंच.

खामगावकर

उन्हाळ्याचं कोणीच बोललं नाही. लिथियम सेल चार्ज करायची मर्यादा बहुतेक कंपन्या ४५ अंशांपर्यंत देतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ ला टेकतो, अकोला-चंद्रपूरकडे ४६-४७ नवीन नाही. टिनाच्या शेडखाली तर विचारूच नका. दुपारी वावरातून तापलेलं चाक आणून लगेच चार्जरला लावलं की बॅटरीचं आयुष्य कमी झालंच समजा. मी तासभर माठाशेजारी ठेवतो (माठावर नाही), रात्री दहानंतर लावतो, आणि रोजच्या वापरात पूर्ण शंभर टक्के न भरता ऐंशी-नव्वदला काढतो. पंधरा दिवसांतून एकदा मात्र पूर्ण भरू देतो, म्हणजे आतले सेल एकमेकांच्या पातळीवर येतात. झोपायच्या खोलीत, कापसाच्या गंजीजवळ चार्ज करू नका. आपल्या घरात दिवाळीनंतर निम्म्या खोल्यांत कापूस असतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणि काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. हात जाईल एवढ्या भेगा. तिथे सस्पेन्शन असलेलं चाक आणि नसलेलं चाक यांत फरक पडतो. १६एक्सला सस्पेन्शन नाही, गुडघेच सस्पेन्शन. व्ही११ ला आहे, हवेवरचं.

वावरवाला

इथेच माझं डोकं अडकलंय. व्ही११ २७ किलो, सस्पेन्शन. १६एक्स २४ च्या आसपास, सस्पेन्शन नाही. एस२२ ला सस्पेन्शनही आहे, वीस इंची नक्षीदार टायर, ७० चा वेग, सगळं आहे, वजन ३५. शर्मनही ३५, बॅटरी त्याहून मोठी. तुटका स्पोक यांच्या हिशेबाने शिल्लक ताकद एस२२ मध्ये सगळ्यात जास्त. मन तिकडे ओढतं, खोटं कशाला बोलू.

संत्रानगरी

एक काम कर. गव्हाचं पोतं घे. त्यात आधी २४ किलो भर, काट्यावर मोजून. वर सुतळीने मूठ बांध, कारण चाकाला मूठ वरच असते, छातीशी कवटाळून उचलता येत नाही, पॅडल मांडीला लागतात. मग एका हाताने ते पोतं रपट्यावरून ने. परत ये. मग २७ भर. मग ३५. इंटरनेटवर भांडण्यापेक्षा बरं.

आगाऊ कार्टं

आणि व्हिडिओ टाक. मातोश्री बघतील.

तुटका स्पोक

हे मस्त सुचवलं. मी आकडे सांगत बसलो आणि खरं माप काढायची पद्धत वरूडहून आली. फक्त एक जोड: ३५ किलोचं चाक चालवताना जड वाटत नाही, उलट स्थिर वाटतं, चाकोरीत हेलकावत नाही. जड वाटतं ते फक्त तुम्ही त्याच्यावर नसता तेव्हा. तुम्ही दिवसात किती वेळ त्याच्यावर नसता, हे मोजा.

वावरवाला

चार दिवसांनी आलोय. पोत्याचा प्रयोग केला. व्हिडिओ नाही, कारण फोन धरायला दुसरा हात मोकळा नव्हता.

कापूस तोलायचा काटा घरी होता, तोच आडव्याला टांगला. आधी सध्याचं चाकच लावलं: मातीसकट १५ किलो २००. म्हणजे अर्धा-पाऊण किलो आमची जमीन अजून त्यात आहे. मग पोती.

२४ किलो: रपटा ओलांडला, पलीकडे जाऊन श्वास घेतला, परत आलो. ठीक. दोन्ही बाजूला एकेकदा हात बदलला.

२७ किलो: गेलो. मधल्या मोठ्या दगडावर टेकवावं लागलं. येताना दोनदा टेकवलं. जमतं, पण पाऊस चालू असता तर नको म्हटलं असतं. तीन किलोचा फरक कागदावर काही वाटत नाही, बोटांना वाटतो.

३५ किलो: उचललं. सहा-सात पावलं गेलो. मग शरीर एका बाजूला झुकलं, डावा पाय शेवाळावर गेला आणि मी आणि गहू दोघंही नाल्यात. पाणी घोट्याएवढंच होतं. गहू ओट्यावर वाळत घातलाय. आई बोलत नाहीये. बाबा बोलले: "तुले चाक पाहिजे का हमाली?"

मग तुटका स्पोक यांनी सांगितलेलं मोजलं. चारही दिवसांची डायरी ठेवली होती. चाकावर असण्याचा वेळ रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटं. उचलण्याचे प्रसंग: घराच्या ओट्याच्या चार पायऱ्या दोनदा, वावरातल्या कोठ्याचा उंबरा दोनदा, तारेच्या कुंपणाची कवाडी दोनदा, आणि रपटा. सध्या कोरडं आहे तरी दिवसाला आठ वेळा उचलतो. पावसाळ्यात मोजायलाच नको.

एस२२ आणि शर्मन यादीतून गेले. वाईट वाटतंय, पण गहू ओला झालाय.

कास्तकार नं. १

आता समजलं मले. लेका, आठ डाव उचलाचं म्हनजे वासरूच पाळलं तू.

खामगावकर

मग २४ की २७? भेगा विसरू नका.

वावरवाला

रविवारी नागपूरला जाऊन व्ही११ चालवून आलो. मालकाने मोकळ्या मैदानावर अर्धा तास दिला. खड्ड्यातून जाताना गुडघ्यांना काही कळतच नाही, गादीवरून गेल्यासारखं. मनापासून आवडलं. पण मालकाने वर जाडजूड संरक्षक आवरण आणि नक्षीदार टायर बसवलाय. काटा सोबत नेला होता (हो, नेला होता, बसमध्ये लोक बघत होते). २८ किलो ३०० ग्रॅम. नाल्याचा मधला दगड डोळ्यांसमोर आला.

तुटका स्पोक, बंगळुरूच्या १६एक्सची बॅटरी कशी तपासू? विकणारा म्हणतो 'नव्यासारखी'. सगळेच म्हणतात.

तुटका स्पोक

त्याला पूर्ण चार्ज करायला सांगा, चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावरही दोन तास लावून ठेवायला सांगा. मग व्हीललॉग नावाचं मोफत अ‍ॅप ब्लूटूथने जोडून व्होल्टेजचा स्क्रीनशॉट घ्या. ८४ च्या अगदी जवळ पाहिजे. ८२ च्या खाली थांबलं असेल तर आतला एखादा गट दमलाय किंवा पातळी बिघडली आहे, नाही घ्यायचं. मग त्याला त्याच्या नेहमीच्या रस्त्यावर दहा किलोमीटर चालवून पुन्हा स्क्रीनशॉट मागा. बाईंच्या हिशेबाने डांबरावर दहा किमीला दोनशे वॅट-तास, म्हणजे १५५४ मधले तेरा टक्के. तीस टक्के उतरले असतील तर 'नव्यासारखी' कोणत्या वर्षीची नवी ते विचारा. जोरात झुकताना व्होल्टेज किती खाली बसतं तेही त्यात दिसतं.

आणि विमानाने पाठवतो म्हणाला तर हसा. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांच्या वर बॅटरी सोबत नेता येत नाही, हे त्याच्या दहापट आहे. जमिनीवरच्या मालवाहतुकीने, मूळ खोक्यात, अर्ध्या चार्जवर. मागे एका कुरियरवाल्याने माझ्या गिऱ्हाइकाचं चाक 'खेळणी' लिहून पाठवलं होतं, ते पॅडल वाकून आलं आणि भरपाई खेळण्याची मिळाली.

वावरवाला

स्क्रीनशॉट आले. ८३.७. दहा किलोमीटरनंतर ८५ टक्के शिल्लक. त्याने स्वतः आणून दिलं, त्याची सासुरवाडी यवतमाळची निघाली!

काट्यावर २४ किलो ६००. पहिल्या दिवशी ट्यूबमध्ये द्रव भरला. पांदणीवर ताशी अठरा-वीसच्या वर जातच नाही, जाऊ शकत नाही, पण नाल्याच्या चढावर आता टिटि नाही. दुसऱ्या फेरीनंतर ७४ टक्के होती. बाई, किलोमीटरला २८ चा तुमचा अंदाज जवळजवळ तंतोतंत आला. भेगांवर गुडघे बोलतात, खामगावकर म्हणाले तसंच. मार्चनंतर धुऱ्याच्या कडेने जाईन.

गणिताच्या बाई

१५५४ चे २६ टक्के, ४०४. भागिले १४, २८.९. पाच टक्क्यांच्या आत. आठवीला हेही सांगते.

संत्रानगरी

अभिनंदन! जुनं व्ही८एफ विकणार का? माझा भाचा मागे लागलाय.

वावरवाला

विकायचंच होतं. पण परवा संध्याकाळी बाहेर आलो तर बाबा त्याच्यावर उभे. एका हाताने बंडीचं जू धरलेलं, दुसरा हात हवेत, आणि चाक अर्धा फूट पुढे, अर्धा फूट मागे. मला पाहून म्हणाले, "बैलाले सांगू नको." आता गावातला सिमेंटचा अर्धा किलोमीटर त्यांच्याकडे राहील असं दिसतंय. भाच्याला म्हणावं, थांब.

आगाऊ कार्टं

काकांचं वजन किती? त्या चाकाला मर्यादा असेल ना?

वावरवाला

१२० किलोची आहे. बाबा ७१. काट्यावर टांगायला मात्र तयार नाहीत, हा रेशन दुकानातला आकडा.